उलटणारा हात

भय कागदावरून पडद्यावर जाताना काय हरवते, हे मला बदलापूर लोकलमध्ये कळले. जुंजी इतो यांची ‘उझुमाकी’ ही जपानी चित्रकथा, म्हणजे मंगा, वाचत होतो. सर्पिल आकाराने झपाटलेल्या गावाची ही गोष्ट. पुढच्या पानावर भयंकर काही आहे, याची चाहूल लागली होती. उल्हासनगर गेले, अंबरनाथ गेले, तरी पान उलटवेना. इतोंची खुबी हीच. भयाचे चित्र पान उलटल्यावरच दिसते आणि उलटणारा हात आपलाच असतो.

ही मालिका १९९८-९९ मध्ये साप्ताहिकात येत होती. हिगुचिन्स्की यांचा चित्रपट २००० मध्ये आला. तो घडत असताना मूळ कथा संपलेली नव्हती, म्हणून शेवटही निराळा. सर्पिलाच्या वेडापायी मरणारे शुइचीचे वडील चित्रकथेत गोल लाकडी टबात वेटोळे होऊन पडलेले दिसतात. चित्रपटात टबाच्या जागी चक्क वॉशिंग मशीन! अनेकांना हसू येईल, मला मात्र निवड पटते. स्थिर चित्रातले वेटोळे आपली नजर फिरवते. पडद्याला फिरणारी वस्तूच हवी. पण तिथे थांबण्याची मुभा नाही. कॅमेरा दाखवील तेव्हा पाहायचे.

नारायण धारपांच्या कथेवरून स्फुरलेल्या राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ने (२०१८) ही मुभा पात्राकडे सोपवली. पिठाची बाहुली घेऊन विनायक दोराने स्वतः खाली उतरतो. हस्तरला बोलावणारा हात त्याचाच असतो.