बगळा, बोका आणि गोचिडाचं औषध

“बोक्याचं काय करणार?”

मागीलदारी पाचशे लिटरची टाकी आणि खडीचे दोन वाफे मांडायला घेतले, तेव्हा शेजारच्या काकूंनी गडग्यापलीकडून विचारलेला हा पहिला प्रश्न. मग आठवडाभर येणारा-जाणारा एकेक संकट सुचवून गेला. बगळे येतील, पाणी बघून साप येतील, डास होतील, वानरं पाला ठेवायची नाहीत. कोकणातलं घर, मागे काजूची बाग, घरात एक कुत्रा आणि एक बोका. तेव्हा प्रश्न काही गैर नव्हते. पण आमच्या पहिल्या खेपेचे मासे गेले ते यांपैकी कुणामुळेच नाही. मे महिन्यातल्या एका दुपारी उकाड्याने हैराण झालेल्या कुत्र्याने टाकीत उडी मारली. सकाळीच त्याच्या अंगाला गोचिडांचं औषध लावलं होतं. दिवेलागणीपर्यंत सगळे मासे उताणे तरंगत होते.

गोचिडांवरची बरीच औषधं पायरेथ्रॉइड गटातली असतात. पर्मेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन अशी नावं बाटलीवर बारीक अक्षरांत दिसतील. कुत्र्याच्या शरीरात ती लवकर निकामी होतात. माशांना मात्र हजार लिटर पाण्यात काही मिलिग्रॅम मिसळली तरी पुरतात. फिप्रोनिल या गटातलं नाही, पण पाण्यातल्या जिवांना तेही घातकच. आणि बोका असलेल्या घराने आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: पर्मेथ्रिन मांजरालाही विषारी असतं, कारण मांजराच्या यकृताला ते धड मोडता येत नाही. कुत्र्याच्या बाटलीतलं उरलेलं ‘थोडंसंच’ बोक्याला लावायचं नाही. औषध लावलं की दोन-तीन दिवस कुत्रा पुढच्या अंगणात, आणि ज्याने औषध लावलं त्याने साबणाने हात धुतल्याशिवाय टाकीला शिवायचं नाही, असा आमच्याकडे आता दंडकच आहे.

ॲक्वापोनिक्स हे नाव भारदस्त आहे, कल्पना कोकणातल्या कुणालाही समजेल अशी. मोरीच्या सांडपाण्यावर अळू कसं माजतं ते आपण पाहिलेलं असतं. इथे सांडपाणी माशांचं. मासे अमोनिया बाहेर टाकतात, बहुतेक कल्ल्यांतून. खडीवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, नायट्रेट झाडं शोषून घेतात आणि निवळलेलं पाणी पुन्हा टाकीत पडतं. मातीची गरज नाही. अमेरिकेच्या व्हर्जिन आयलंड्समधल्या विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी १९८० च्या सुमारापासून यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि मासे किती, खाद्य किती, झाडं किती याचा हिशेब बसवला. त्या हिशेबाकडे पुढे येतोच.

“माशांच्या घाणीवरची भाजी खायची?”

हा प्रश्न नाक मुरडून विचारला जातो, आणि त्यातली चिंता खरी असली तरी बोट चुकीच्या प्राण्याकडे असतं. पोट बिघडवणारा ई. कोलाय जिवाणू मुळात उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात राहतो. मासे थंड रक्ताचे. त्यांच्या पाण्यात हा जिवाणू सापडला, तर तो बहुतेक वेळा बाहेरून आलेला असतो: उंदराकडून, पक्ष्याकडून, कुत्र्यामांजराकडून, किंवा न धुतलेल्या हातांवरून. म्हणूनच “टाकीत थोडं शेण कालवू का, झाडं जोमात येतील” या आपुलकीच्या सल्ल्याला ठाम नकार द्यायचा. शेणाने पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि अमोनिया वाढतो तो वेगळाच.

मांजराचा खरा उपद्रव इथे आहे. शेवाळ धरू नये म्हणून खडीच्या वाफ्यात पाणी वरच्या थरापासून दोन-तीन सेंटिमीटर खालीच ठेवतात. त्यामुळे वरची खडी कोरडी, मोकळी, उकरायला सोपी. बोक्याच्या दृष्टीने हे मालकाने खास त्याच्यासाठी बांधलेलं शौचालय. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी पसरू शकतो. निरोगी माणसाला त्याचा बहुधा पत्ताही लागत नाही, गर्भवतीला आणि तिच्या बाळाला मात्र तो धोक्याचा. रोपं दाट होईपर्यंत वाफ्यावर जाळी आडवी टाकून ठेवायची आणि बोक्याला बागेच्या दुसऱ्या टोकाला वाळूचा ढीग करून द्यायचा. आमच्या बोक्याला वाळू पसंत पडायला चार दिवस लागले. कच्ची खायची कोथिंबीर-पुदिना वाहत्या पाण्याखाली धुवायचाच, तो काय बाजारातलाही धुवावाच लागतो.

बोका मासे संपवेल ही काकूंची भीती तशी किरकोळ ठरली. मांजर काठावर बसून पंजा घालतं, सहसा पाण्यात उतरत नाही. काठापासून पाणी वीतभर खाली ठेवलं की बोका नुसताच बघत बसतो. आमचा रोज तासभर बसतो.

बगळ्यांचं गणितही काठाचंच आहे. शेताच्या बांधावर ध्यान लावून बसणारा तो भुरा बगळा, म्हणजे वंचक, उथळ पाण्यात किंवा काठावर पाय रोवून उभा राहतो आणि मान फेकतो. सरळ भिंतीच्या खोल टाकीत त्याला पाय टेकायला जागा नसते, त्यामुळे उरतो फक्त काठ. तो जाळीने झाकला की प्रश्न मिटतो. खंड्याची रीत निराळी. तो तारेवर किंवा फांदीवर बसून मासा हेरतो आणि सूर मारतो. त्याला वरून पाणीच दिसू नये, एवढंच करायचं. शेडनेटने टाकी झाकली की खंड्याही जातो, पाणीही कमी तापतं आणि हिरवं होत नाही.

पण जाळी कोणती, यावर थोडं थांबायला हवं, कारण चांगल्या हेतूने सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. बाजारात मिळणारी सैल नायलॉनची जाळी स्वस्त पडते म्हणून लोक तीच टाकीभोवती गुंडाळतात आणि टोकं जमिनीवर लोळत सोडतात. उंदराच्या मागे आलेली धामण त्यात डोकं घालते. सापाचे खवले मागच्या दिशेने वळलेले असल्याने त्याला मागे निघता येत नाही, तो पुढेच रेटत राहतो आणि दोरा अंगात रुततो. सर्पमित्रांना विचारा, अशा जाळ्या कापून साप सोडवण्याचं काम त्यांच्या रोजच्यातलं आहे. घट्ट ताणलेली, चौकटीवर बसवलेली, अर्धा इंच किंवा त्याहून बारीक डोळ्यांची तारेची जाळी महाग पडते, पण त्यात साप अडकत नाही आणि पक्ष्याचे पायही गुंतत नाहीत. धामण, वंचक, खंड्या या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा गलोल, सापळे, विष हे मार्ग मनातही आणायचे नाहीत.

“पाणी दिसलं की साप आलाच.” यात अर्धं तथ्य आहे. पाणदिवड मासे-बेडूक खाते, पाण्याजवळ दिसते, चिडली तर चावतेही. पण ती बिनविषारी. नाग, घोणस, मण्यार, फुरसं ही विषारी चौकडी मासे खायला येत नाही. नाग-घोणस घराजवळ येतात ते मुख्यतः उंदरांसाठी. आणि उंदरांना कोण बोलावतं? सांडलेलं माशांचं खाद्य. त्या गोळ्यांत सुमारे ३० टक्के प्रथिनं असतात, वास उग्र असतो. पोतं पडवीत उघडं ठेवलं तर आधी उंदीर, मग साप, आणि मधल्या वेळात कुत्राही त्यावर ताव मारतो. झाकणाचा पत्र्याचा डबा घ्यायचा, मासे पाच-दहा मिनिटांत संपवतील एवढंच खाद्य टाकायचं. टाकीला टेकून जांभ्याच्या चिऱ्यांचा ढीग रचून ठेवायचा नाही. उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची धास्ती कोकणात दर पावसाळ्यात असते. हातापायाला जखम असेल तर पाण्यात हात घालू नका, आणि कुत्र्याला लेप्टोची लस दिली आहे ना, हे पशुवैद्यांना विचारून घ्या.

डासांबद्दल उलटंच आहे. मासे असलेल्या टाकीत अळ्या टिकत नाहीत, मासे त्यांचा फडशा पाडतात. डास होतात ते जिथे मासा नाही तिथे: पंपाच्या खड्ड्यात, फिल्टरच्या पिंपात, कडेला विसरलेल्या बादलीत. डेंग्यूचा एडिस तर असं साठलेलं स्वच्छ पाणीच शोधतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. पिंपाला मच्छरदाणीचं कापड बांधा, खड्ड्यात चार गप्पी सोडा.

गप्पींचा विषय निघालाच आहे तर, “मासे जास्त झाले की वहाळात सोडून देऊ” ही भूतदया नव्हे. बागेला वन्यजीवांपासून वाचवायची काळजी सगळे करतात. वन्यजीवांना बागेपासून वाचवायचं कुणी बोलत नाही. सह्याद्रीच्या ओढ्यांत जगात दुसरीकडे कुठेही नसलेले मासे आहेत. तिलापियाचं उदाहरण आपल्यासमोर आहे. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला, १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर बंदी घालावी लागली, तोवर तो पाण्यात पसरला होता. परदेशी माहिती वाचून तिलापिया मागवायच्या आधी मत्स्यव्यवसाय विभागाकडे चौकशी करा, सुधारित जातींनाही परवानगी लागते. थाई मागूर तर बंदी असलेलाच मासा आहे, आणि ‘मागूर’ म्हणून तोच गळ्यात मारला जातो. सुरुवातीला कोई किंवा सायप्रिनस बरा. आणि ओढ्यात सापडलेलं कासव ‘मुलांना गंमत’ म्हणून टाकीत आणून ठेवणं हा सरळसरळ गुन्हा आहे.

बेडूक पावसाळ्यात येणारच. टाकीत पडलेल्याला बाहेर यायला एक फळी तिरकी लावून ठेवावी, नाहीतर तो पोहून थकून मरतो आणि पाणी नासतं. खरी काळजी कुत्र्याची. खरखरीत अंगाचा भेक कुत्र्याने तोंडात धरला की त्याच्या कातडीतल्या ग्रंथींतून विषारी स्राव सुटतो आणि कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो. डोकं खाली धरून, पाणी घशात जाऊ न देता तोंड धुवायचं. तोल गेला, झटके आले, तर पशुवैद्य गाठायचा.

“आम्ही सगळं सेंद्रियच फवारतो.” सेंद्रिय म्हणजे निरुपद्रवी हा समज माशांना भोवतो. तंबाखूचा काढा सेंद्रियच आहे आणि निकोटिन जालीम विष आहे. साबणाचं पाणी माव्यावर चालतं, पण टाकीत उतरलं की कल्ल्यांची नासधूस करतं. निंबोळी तेलही पाण्यात जाता कामा नये. मावा पडला तर पाण्याचा फवारा, हाताने वेचणं, नाहीतर ते पान सरळ तोडणं.

आता तो हिशेब. “एकदा मांडलं की आपोआप चालतं, फुकटची भाजी आणि फुकटचे मासे” हा मला सगळ्यात महागात पडलेला गैरसमज. झाडांचं खत म्हणजे माशांचं खाद्य, आणि ते विकत आणावं लागतं. पालक-माठासारख्या पालेभाजीला दर चौरस मीटरमागे दिवसाला ४० ते ५० ग्रॅम खाद्य, असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचं छोट्या बागांसाठीचं प्रमाण आहे. फळभाजीला याहून जास्त. नवशिक्याने हजार लिटरला २० किलोपेक्षा जास्त वजनाचे मासे ठेवू नयेत. मी तर निम्मेच ठेवतो. शिवाय टाकी भरली आणि लगेच मासे सोडले असं चालत नाही. खडीवर जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे जातात, तोवर अमोनिया आणि नायट्राइट मोजत थांबायचं. नळाचं क्लोरिनचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच वापरायचं. आमच्या जांभ्याच्या विहिरीचं पाणी मृदू, किंचित आम्ल, आणि जिवाणूंच्या कामाने ते आणखी आम्ल होत जातं. त्यावर उपाय स्वयंपाकघरातच मिळाला: तिसऱ्यांच्या शिंपल्या धुऊन, जाळीच्या पिशवीत भरून पाण्यात टांगल्या. शिंपलीतला चुना हळूहळू विरघळतो.

आणि वीज. पंप थांबला, मासे दाटीने असले, की प्राणवायू संपायला दोन-चार तास पुरतात. जूनच्या पहिल्या वादळात लाइट जाते ती कधी येईल सांगता येत नाही. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधीच आणून ठेवलेला असावा. ओल्या हातांनी पंप हाताळायचा असल्याने गळती होताच वीज तोडणारं ईएलसीबी बसवल्याशिवाय बटण दाबूच नये.

राहिली वानरं. त्यांच्याबाबतीत कसलाही गैरसमज नाही, लोक सांगतात ते खरं आहे. वानर मुळात पाला खाणारा, आणि कोवळा पालक त्याला आयता वाढून ठेवलेला. बुजगावणं दोन दिवस चाललं, फटाके आठवडाभर, कुत्रा त्यांना पाहून पडवीत येऊन भुंकतो. शेवटी वाफ्यांवर तारेच्या जाळीची खोलीच उभी केली, तिचा खर्च टाकी आणि पंपापेक्षा जास्त झाला. पुदिना तेवढा बाहेर आहे. त्याला अजून कुणी हात लावलेला नाही.