उंची वाढवायला आलेल्या मुली

मे महिन्याच्या बास्केटबॉल शिबिरात मुलीचं नाव घालायला आलेल्या आयांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, उंची वाढेल ना?" उंची आईबापांवर आणि ताटातल्या जेवणावर ठरते, उड्या मारून हाडं लांबत नाहीत, उंच मुली या खेळात टिकतात म्हणून तसं वाटतं, हे मी दरवर्षी सांगते. त्या मान डोलावतात आणि फी भरतात. माझी काही हरकत नाही. मुलगी कोर्टवर आली, की पुढचं माझ्याकडे.

नागपूरचा मे महिना. सकाळी सहाला सुरू केलं तरी आठनंतर सिमेंटचं कोर्ट बुटांतूनही पोळतं, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते तापलेले नऊ दिवस, लागला की आठच्याही आधी गाशा गुंडाळावा लागतो. एवढ्या वेळात मुलींना रिंगमध्ये बॉल टाकायचा असतो आणि मी त्यांना थांबायला शिकवत बसते.

थांबायचं म्हणजे जंप स्टॉप. धावत येऊन बॉल झेलताना छोटी उडी घ्यायची, दोन्ही पाय एकदम जमिनीवर, गुडघे वाकलेले, नजर वर. मग एक पाय खिळवून दुसऱ्याने वळायचं. खिळलेला पाय सरकला की ट्रॅव्हलिंगची शिट्टी. माझं लक्ष मात्र गुडघ्यांकडे असतं. उडीवरून उतरताना बऱ्याच मुलींचे गुडघे आत, एकमेकांकडे झुकतात. वयात येताना उंची-वजन भराभर वाढतं, मांडीचे आणि कमरेचे स्नायू त्या वेगाने तयार होत नाहीत. गुडघ्यातला एसीएल नावाचा लिगामेंट अशा उतरण्यात फाटतो, पुष्कळदा कुणाचा धक्काही न लागता. उड्यांच्या खेळांत मुलींना हा धोका मुलांच्या दुपटीहून जास्त असतो, आणि उतरण्याचा, तोल सांभाळण्याचा सराव नियमित केला तर तो निम्म्यावर येऊ शकतो. "मॅडम, एकदा तरी शूट करू द्या ना!" "आधी मांजरीसारखी उतर. पायांचा आवाज आला, परत."

शूटिंगची वेळ येते तेव्हा बॉल बघावा लागतो. बायकांच्या सामन्यांत सहा नंबरचा बॉल असतो, घेर साडेअठ्ठावीस इंच. पुरुषांचा सात नंबरचा, एक इंच मोठा आणि वजनानेही जड. बारा वर्षांखालच्यांसाठी पाच नंबर, आणि रिंगही 3.05 मीटरऐवजी 2.60 मीटरवर. अनेक मैदानांवर मात्र सात नंबरचेच जुने, गुळगुळीत झालेले बॉल मुलींच्या हाती देतात. मग मुलगी तो छातीपासून दोन्ही हातांनी ढकलते, खांदा फिरवते. ती सवय मोडायला पुढे वर्षं जातात.

मुलींची वेगळी बॅच कशाला, हा प्रश्न हमखास बाबा विचारतात. एकत्र बॅच बघा, म्हणजे कळेल. मुलगी मोकळी उभी असते, हात वर, आणि बॉल येत नाही. मुलींना असं मागे ठेवणं जुनंच आहे. 1891 साली नेस्मिथ यांनी हा खेळ काढला, आणि 1892 मध्येच अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन यांनी तो मुलींना शिकवला. पण कोर्टचे तीन भाग करून, ज्या मुलीला जो भाग मिळेल तो सोडायचा नाही या अटीवर. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं बास्केटबॉल 1936 ला आलं, बायकांचं 1976 ला. आमच्या मुलींना अमेरिकेचा स्टीफन करी तोंडपाठ असतो. भारताच्या संघाचं नेतृत्व केलेली शिरीन लिमये आपल्या पुण्याची, हे मात्र मला सांगावं लागतं.

तेव्हा शिबिराच्या चौकशीला जाल तर टी-शर्ट मिळेल का, हे शेवटी विचारा. आधी बॉल हातात घेऊन त्यावरचा नंबर वाचा. पहिली पंधरा मिनिटं उभं राहून बघा, वॉर्मअप नुसत्या फेऱ्यांवर भागवतात की उतरायलाही शिकवतात. आणि मुलींच्या बाथरूमची चावी कुणाकडे असते, ते विचारा. चौकीदाराकडे असेल, तर तो सकाळी सहाला येतो का, तेही.