घाणा आणि घाण्यामागचा माणूस

कोल्हापूरहून बंगळूरच्या रस्त्याने दहा-बारा किलोमीटर गेले की कणेरीचा काडसिद्धेश्वर मठ येतो. मठाच्या आवारात २००७ साली खुले झालेले सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. यंत्रयुगापूर्वीचे स्वयंपूर्ण खेडे तेथे माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभे केले आहे. कुंभार, लोहार, सुतार यांच्याप्रमाणे तेली आणि त्याचा घाणाही त्या खेड्यात आहे. लहान मुले तेथे रेंगाळतात आणि ‘हा बैल गोल का फिरतो?’ असे विचारतात. या साध्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यायचे म्हटले, तर बरेच काही सांगावे लागते.

घाणा म्हणजे मुळात एक मोठे उखळ. त्यात तिरपी लाकडी लाट बसवलेली असते. लाटेला आडवे लाकूड जोडून त्यावर वजन ठेवतात आणि ते बैलाच्या जुवाला बांधतात. बैल फिरला की लाट उखळाच्या कडेवर दाबली जात फिरते आणि बी चिरडले जाते. बैलाला चक्कर येऊ नये, तो बिचकू नये, म्हणून त्याच्या डोळ्यांवर झापडे बांधतात.

परंतु नुसत्या दाबाने तेल सुटत नाही. भरड होत असता तेली तीत थोडे पाणी शिंपडतो. पाणी आणि तेल यांचे वैर आपण जाणतो. मग हे कसे? त्या पाण्याने बियांतील चोथा एकमेकांस धरून गोळा होतो आणि तेल मोकळे होऊन बाहेर येते. पाणी कमी पडले तर तेल अडून राहते, जास्त झाले तर सगळाच गोळा बिघडतो. तीळ, करडई, कारळे, शेंगदाणे या प्रत्येकाचे प्रमाण निराळे. हे प्रमाण तेल्याच्या बोटांत असे. पुतळ्याच्या बोटांत ते उतरवता येत नाही.

घाण्याच्या पेंडीत दहा टक्क्यांच्या आसपास तेल राहून जाते; आजच्या रासायनिक द्रावकाच्या कारखान्यात एक टक्काही राहत नाही. हिशेबाने घाणा हरला, हे उघड आहे. मात्र पेंडीतले ते तेल वाया जात नसे. पेंड गाईम्हशींच्या पुढ्यात जाई, तिचे दूध होई, शेण शेतात पडे आणि पुन्हा बी उगवे. १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत घाणीच्या सुधारणेचे काम हाती घेतले आणि झवेरभाई पटेलांनी ते नेटाने केले. त्यामागे गावचे बी, गावचे तेल आणि गावची पेंड गावातच राहावी हा विचार होता.

आता एक कटू गोष्ट. ज्याच्या तेलावर देवळातला दिवा जळे, त्याचे तोंड सकाळी दिसणे अशुभ मानीत. मनुस्मृतीने तर एका घाण्याला दहा कत्तलखान्यांइतका दोष लावला आहे. उलट चाकणचे संताजी जगनाडे तेलीच होते, आणि तुकोबांचे अभंग लिहून जतन करणारे म्हणून वारकरी त्यांना वंदन करतात. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्राएल लोक ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. एकाच धंद्यात निरनिराळ्या धर्मांची माणसे घाम गाळीत होती, हे यावरून ध्यानात यावे.

म्हणून जुन्या खेड्याचे चित्र पाहताना केवळ हळहळून भागणार नाही. बैलाचे ओझे, जन्माने चिकटलेला धंदा आणि त्यासोबतची हेटाळणी परत यावी असे कोणीही म्हणणार नाही. आज शहरांत विजेवर फिरणाऱ्या लाकडी घाण्यांची दुकाने निघाली आहेत. तो धंदा ज्याला हवा त्याने करावा, यात आनंदच आहे. ग्राहकाने मात्र तेथे दोन प्रश्न जरूर विचारावेत: बी कोणत्या शेतातले, आणि पेंड कोठे जाते? या प्रश्नांची उत्तरे जवळच्या गावांची नावे घेऊन मिळू लागली, तर कणेरीच्या घाण्यातून आपण काही शिकलो असे म्हणता येईल.