चुलीच्या वैलापासून बेन मारीपर्यंत

चुलीवर भाकऱ्या होत असतात, तेव्हा शेजारच्या वैलावर आमटीचं पातेलं निवांत बसलेलं असतं. वेगळं जळण नाही, वेगळी आच नाही. अन्न गरम ठेवण्याची आपल्याकडची ही जुनी सोय. पंगतीला तिचीही फारशी गरज नसे. आचाऱ्याने टोप उतरवला की वाढपी तो थेट पानांपर्यंत नेत. बुफे आला आणि गणित बदललं. पाहुणे सात ते अकरा कधीही येणार, आणि शेवटच्या माणसालाही भाजी वाफाळती हवी. अन्न गरम ठेवणारी उपकरणं त्या चार तासांसाठी आहेत.

त्यांत सर्वांत कामाची बेन मारी. खाली पाण्याची टाकी, तिच्यात हीटर, वर खाचांत बसवलेले स्टीलचे पॅन. पूर्ण मापाचा पॅन ५३० बाय ३२५ मिलिमीटरचा. माप ठरलेलं असल्यामुळे एका कंपनीचा पॅन दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर बसतो. पाण्यामुळे आच सगळीकडे सारखी लागते. ग्रेव्ही करपत नाही, वरण तळाला धरत नाही. पथ्यं दोनच: पॅन ठेवण्याआधी पाणी चांगलं तापलेलं हवं आणि टाकी कोरडी पडता कामा नये. बोअरचं जड पाणी असेल तर हीटरवर क्षारांचा थर चढतो आणि आच मंदावते. लॉनवरच्या लग्नात वीज लांब असते, म्हणून तिथे चाफिंग डिश. तिच्याखालच्या जेलच्या डबीची ज्योत वाऱ्याने हलली आणि झाकण उघडंच राहिलं, की अर्धी ऊब हवेत जाते.

वड्याचं मात्र उलट. त्याला वाफ चालत नाही, कवच मऊ पडतं. म्हणून काचेच्या पेटीत पिवळा बल्ब. जुना तारेचा बल्ब विजेचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग उष्णतेत घालवायचा. इथे तोच त्याचा गुण ठरला. वीज वाचवायला कुणी त्याच्या जागी एलईडी लावला, तर वडा चकाकतो, पण गार पडतो. मिसळीच्या गाड्यावर याहून सोपा उपाय असतो: कटाचा टोप मंद आचेवर सतत उकळता, उसळ वेगळी, फरसाण कोरडं. प्रवासासाठी दुहेरी भिंतीचे, मधे फोम भरलेले डबे आहेत. आधी उकळतं पाणी घालून डबा तापवला आणि गळ्यापर्यंत भरला, तर अन्न बराच वेळ गरम राहतं. अर्धा भरलेला डबा लवकर निवतो.

पण हा प्रश्न नुसत्या चवीचा नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, शिजलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवा. त्याखाली जंतूंची चंगळ असते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचे बीजाणू उकळीतूनही वाचतात आणि मोठा टोप हळूहळू निवत असताना वाढीला लागतात. भातातल्या बॅसिलस सिरिअसच्या एका जातीचं विष तर पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणजे ‘परत एक उकळी आणली की झालं’ हा भरवसा खोटा.

नेमकी चूक इथेच होते. बेन मारी तापमान राखते, अन्न तापवत नाही. फ्रीजमधली भाजी थेट तिच्यात ओतली तर ती तासन्‌तास कोमट राहते. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची केटरिंगसाठीची तपासणी यादीही बेन मारीत किंवा दिव्याखाली अन्न पुन्हा गरम करायला मनाई करते; आधी आतपर्यंत ७५ अंश, निदान दोन मिनिटं, मग काउंटर.

म्हणून नव्या केटररने चकचकीत काउंटरच्या आधी टोचून तापमान सांगणारा थर्मामीटर घ्यावा आणि तो पातेल्याच्या मधोमध खुपसावा, कडेला नव्हे. दुसरं, पाचशे माणसांचा भात एकदम न टाकता तीन घाण्यांत टाकावा. गरम ठेवायचा वेळच कमी केला, तर निम्मी यंत्रं लागतच नाहीत. पंगतीतल्या आचाऱ्याला हे कळत होतं. बुफेवाल्याने ते विसरायचं काही कारण नाही.