शिंगरू येतंय, उठा!

म्हैस व्यायला आली की गोठ्यातला माणूस आधी चहा टाकतो. वेळ असतो. पाणमोट फुटल्यावर रेडकू बाहेर यायला अर्धा तास लागो की तास, कुणी घाबरत नाही. घोडीच्या बाबतीत हाच हिशेब धरला, तर चहा उकळून, गाळून, कपात पडेपर्यंत शिंगरू जमिनीवर आलेलं असतं. किंवा आतल्या आत गुदमरलेलं असतं.

मुंबईच्या उपनगरांना म्हशीचं घड्याळ पाठ आहे. १९४९ मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहिली आणि शहरातल्या म्हशी तिकडे हलल्या. ३२ युनिटं आणि सोळा हजारांच्या आसपास म्हशी, असा तो पसारा. जोगेश्वरी-गोरेगाव पट्ट्यात ‘तबेला’ म्हटलं की आजही शेण, पेंड आणि पहाटेची धार डोळ्यांपुढे येते. गंमत म्हणजे अरबी-फारसीतून आलेला हा शब्द मुळात घोड्यांचा. मुंबईने तो म्हशींना देऊन टाकला.

उपनगरात घोडा उरला तो वरातीपुरता. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, गाड्या हळूहळू गेल्या. पण घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत लग्नाच्या मोसमात फेटा बांधलेला नवरदेव आजही चढतो, आणि बहुतेक वेळा चढतो तो घोडीवर. शहराचा दुसरा घोडा म्हणजे रेसचा. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ सालचं, पण तिथे धावणारे घोडे तिथे जन्मत नाहीत. त्यांची जन्मस्थळं म्हणजे पुण्याच्या आसपासची आणि देशात इतरत्र असलेली स्टड फार्म. अंधेरी-जुहूत राहणाऱ्या एखाद्या मालकाची घोडी तिथे गाभण असते आणि मालक मात्र शंभर-सव्वाशे किलोमीटर दूर, घाटाच्या अलीकडे झोपलेला असतो. विणाऱ्या घोडीवर नजर ठेवणाऱ्या कॅमेरा आणि अलार्मची गोष्ट या अंतरातून सुरू होते.

त्याआधी घोडीची घाई समजून घ्यायला हवी. गाई-म्हशींची वार गर्भाशयाला ठिकठिकाणी, बटणं लावल्यासारखी चिकटलेली असते. कळा सुरू झाल्या तरी ही बटणं एकदम सुटत नाहीत, त्यामुळे वासराचा प्राणवायू काही काळ चालू राहतो. घोडीची वार मखमली अस्तरासारखी सगळीकडे पसरलेली असते आणि जोराच्या कळा सुरू झाल्या की भराभर सुटू लागते. म्हणून पाणमोट फुटल्यापासून शिंगरू बाहेर येईपर्यंत साधारण पंधरा ते वीस मिनिटं लागतात. अर्धा तास उलटला तर काहीतरी नक्की बिघडलंय असं समजायचं. शिंगराचे पाय लांब, मानही लांब. एक पाय मागे दुमडलेला राहिला किंवा डोकं बाजूला वळलं तर घोडी अडते, आणि अडलेल्या घोडीला डॉक्टर येईपर्यंत थांबायची मुभा नसते.

बरं, ही घाई दिवसाउजेडी झाली तर ठीक. इंग्लंडमध्ये पीटर रॉसडेल आणि रॉजर शॉर्ट या दोघांनी शर्यतीच्या थरोब्रेड जातीच्या ५०१ घोड्यांच्या विण्याच्या वेळा तपासल्या आणि १९६७ मध्ये निष्कर्ष छापला. संध्याकाळी सात ते सकाळी सात या वेळात ८६ टक्के घोड्या व्यायल्या होत्या. माळरानात शिकारी जनावरांपासून लपत जगलेल्या प्राण्याची ही जुनी सवय. शिवाय आजूबाजूला वर्दळ वाटली तर घोडी सुरुवातीचा टप्पा लांबवते, असा पागेवाल्यांचा जगभरचा अनुभव आहे. मोतद्दार रात्रभर डोळ्यांत तेल घालून बसतो, पहाटे चारला क्षणभर बाहेर जातो आणि परत येतो तर शिंगरू उभं राहायची खटपट करतंय!

तारखेचाही भरवसा नाही. म्हशीचे दहा महिने दहा दिवस बोटांवर मोजता येतात. घोडीची सरासरी ३४० दिवसांची, पण ३२० पासून ३६५ पर्यंत काहीही चालतं. म्हणजे राखण एका रात्रीची नसते, कधी कधी महिनाभराची असते. थरोब्रेडच्या धंद्यात तर आणखी एक नियम आहे. आपल्याकडे कागदोपत्री या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला. ३१ डिसेंबरच्या रात्री जन्मलेलं शिंगरू दुसऱ्या दिवशी एक वर्षाचं ठरतं आणि पुढे शर्यतीत आपल्यापेक्षा अकरा-अकरा महिन्यांनी मोठ्या घोड्यांशी धावतं. त्यामुळे सगळ्यांना शिंगरं हवीत ती जानेवारीनंतर, पण जानेवारीच्या जितकी जवळ तितकी बरी. पुण्याकडच्या पागांत थंडीच्या ऐन कडाक्यात जागरणं सुरू होतात.

पुण्याची ही घोडेपैदास एरवीही महाराष्ट्राच्या घराघरात वेगळ्या वाटेने पोचलेली आहे. पूनावाला कुटुंबाचा स्टड फार्म १९४६ चा. तिथले शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे परळच्या हाफकिन संस्थेला जात, लस आणि प्रतिविषासाठी त्यांच्या रक्तातला द्रव वापरला जाई. ते पाहून आपणच हे का करू नये, हा विचार सायरस पूनावालांच्या मनात आला आणि १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. शिंगरू जगवणं हा फक्त शौकिनांचा मामला नाही, हे सांगायला एवढं पुरे.

आता यंत्रांकडे. पहिला प्रकार मला सगळ्यात हुशार वाटतो. डॉक्टर घोडीच्या निरणाच्या एका बाजूला छोटा ट्रान्समीटर आणि दुसऱ्या बाजूला लोहचुंबक टाक्याने बसवतात. शिंगराच्या पायांनी निरण उघडलं की चुंबक निसटतो आणि घंटा वाजते. खोटी घंटा जवळपास नाहीच. पण यातही मेख आहे. शिंगरू उलटं, पुठ्ठ्याकडून येत असेल तर निरण उघडतच नाही. म्हणजे ज्या रात्री मदतीची सगळ्यात जास्त गरज, नेमक्या त्याच रात्री यंत्र गप्प.

दुसरा प्रकार मोहरकीला किंवा छातीच्या पट्ट्याला बांधायचा. घोडी पूर्ण कुशीवर आडवी होऊन ठरावीक सेकंद तशीच राहिली की तो बोंबलतो. अडचण अशी की घोडा उभ्याने झोपतो हे अर्धंच खरं आहे. पायांच्या सांध्यांना ‘कुलूप’ लावून तो उभ्याने डुलकी घेतो, पण गाढ, स्वप्नांची झोप हवी तर त्याला आडवं व्हावंच लागतं. आणि पोट जड झालेली घोडी वारंवार आडवी होते. आठवडाभर रोज रात्री दोनदा खोटी घंटा झाली की आठव्या रात्री मोतद्दार कूस बदलून झोपतो. तेव्हा खरी घंटा वाजली तर ते वरातीमागून घोडं.

तिसरा प्रकार घाम ओळखणारा. विण्याआधी घोडीला मानेवर, काखेत घाम फुटतो, त्यावरून इशारा. थंड देशात ठीक. पण मालाड-मुलुंडच्या एप्रिलमध्ये घोडीच काय, भिंतीसुद्धा घामेजतात. इथे त्या यंत्राला रात्रभर विश्रांती मिळणार नाही.

म्हणून शेवटी सगळे कॅमेऱ्यावर येतात. मोठ्या स्टड फार्मवर विण्याच्या खोलीत, साधारण चौदा बाय चौदा फुटांच्या मोकळ्या बॉक्समध्ये, वरच्या कोपऱ्यात कॅमेरा असतो आणि एका खोलीत बसलेला रात्रपाळीचा माणूस सगळ्या घोड्या एकाच पडद्यावर बघतो. घोडीला माणूस दिसत नाही, वास येत नाही, त्यामुळे ती निवांत. अलीकडे काही परदेशी यंत्रणा चित्रातल्या हालचाली स्वतःच मोजतात: किती वेळा बसली, किती वेळा पोटाकडे वळून पाहिलं, शेपटी किती वेळा उचलली. नेहमीपेक्षा आकडा चढला की फोन वाजतो.

एक-दोन घोड्या असलेल्याला इतकं लागत नाही. दोन-तीन हजारांचा अंधारात दिसणारा वायफाय कॅमेरा पुरतो, फक्त तो बसवण्यात शहाणपण हवं. घोडी मान उंचावूनही पोचणार नाही इतका वर, आणि वायर पाइपात, कारण रिकामटेकडी घोडी वायर चावल्याशिवाय राहत नाही. एकाऐवजी दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत, कारण घोडी हमखास कॅमेऱ्याकडे तोंड करून विते आणि पाहायचं असतं ते दुसऱ्या टोकाला. पत्र्याच्या शेडमध्ये सिग्नल अडतो तेव्हा राउटर जवळ, आणि वीज गेली तर कॅमेरा आणि राउटर दोन्ही चालतील असा इन्व्हर्टर. आणखी एक बारीक त्रास: रात्री कॅमेऱ्याभोवती किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि सकाळी पडद्यावर घोडीऐवजी जाळ्याचा पांढरा धूर दिसतो. रोज संध्याकाळी काच पुसायची.

कॅमेरा आला म्हणून हाताने पाहणं संपत नाही. कोणत्या रात्री जागायचं हे अजूनही कासच सांगते. दोन-चार आठवडे आधी कास भरू लागते, शेपटीच्या बुंध्याजवळचा भाग सैल पडतो. सडांच्या टोकाला मेणासारखे पिवळट थेंब जमले की बहुतेक घोड्या एक-दोन दिवसांत वितात. आता दुधाची तपासणीही करतात. विणं जवळ आलं की दुधातलं कॅल्शियम वाढतं आणि साध्या पट्टीवर ते कळतं. बऱ्याच थरोब्रेड घोड्यांमध्ये तर निरणाला वरच्या बाजूने टाके घातलेले असतात, जंतू आत जाऊ नयेत म्हणून. ते विण्याआधी उघडायचे राहिले तर कितीही महागडा अलार्म लावा, घोडी फाटणार.

घंटा वाजली, मग काय? नीट चाललं असेल तर आधी पांढुरकी पिशवी दिसते, तिच्यात एक खूर पुढे, दुसरा थोडा मागे, तळवे जमिनीकडे, आणि गुडघ्यांवर टेकलेलं नाक. हे दिसलं की हात बांधून उभं राहायचं. पांढऱ्याऐवजी लाल मखमली पिशवी दिसली, जगभरचे पागेवाले जिला ‘रेड बॅग’ म्हणतात, तर वार आधीच सुटली आहे आणि आतला श्वास बंद पडतोय. डॉक्टरला फोन लावत बसायला वेळ नाही. पिशवी तिथल्या तिथे फाडायची आणि कळेबरोबर शिंगरू ओढायचं. नाळ मात्र कापायची नाही. घोडी किंवा शिंगरू उठताना ती आपोआप तुटते, मग तिला जंतुनाशक लावायचं. पुढचा हिशेब पागेत सगळ्यांना तोंडपाठ असतो: एका तासात उभं, दोन तासांत सडाला, तीन तासांत वार बाहेर. चिकाचं महत्त्व तर फारच. घोडीच्या वारेतून प्रतिकारशक्ती शिंगराला मिळतच नाही. पहिल्या काही तासांत पोटात गेलेला चीक हीच त्याची पुंजी, आणि चोवीस तासांनंतर आतडं ती घ्यायचं बंद करतं.

यातलं काहीही अंधेरीच्या फ्लॅटमधून करता येत नाही. फोनवर चित्र दोन सेकंदांत येतं, पण एक्सप्रेसवेवरून पोचायला दोन तास, आणि घोडीची मिनिटं वीस. म्हणून स्टड फार्मवर खरा खर्च होतो तो रात्रपाळीच्या माणसांवर. उपनगरातल्या एखाद-दुसऱ्या घोडीवाल्याने तर आधी पाच मिनिटांच्या अंतरावर झोपणारा जाणता माणूस शोधावा, मग कॅमेरा घ्यावा. आरेत जनावरांचे डॉक्टर भेटतील, गोरेगावला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा परिसरही आहे. पण रात्री घोडीला हात घालू शकेल असा डॉक्टर आणि त्याचा नंबर आठवडाभर आधी पक्का केलेला बरा.

राहता राहिली वरात. शिंगराच्या वजनातली निम्म्याहून अधिक वाढ शेवटच्या तीन-चार महिन्यांत होते. घोड्या साधारण उन्हाळ्याच्या सुमारास फळतात आणि अकरा महिन्यांनी वितात. म्हणजे त्यांचे हे जड महिने आणि आपला लग्नाचा मोसम एकमेकांवर येतात. झुलीखाली पोट झाकलं जातं, डीजेच्या भिंतीपुढे तिला तासन्‌तास उभं केलं जातं, आणि तिच्या पाठीवर नवरदेवाबरोबर कधी एखादं पोरही असतं. या मोसमात घाटकोपरला किंवा बोरिवलीला वरात ठरवत असाल, तर भाव करण्याआधी घोडीवाल्याला एवढंच विचारा: घोडी गाभण आहे का, आणि असेल तर कितवा महिना?