सोयाबीन पिवळं पडलं, पुस्तक कोणतं द्यायचं?

बुलढाणा जिल्ह्यातल्या गावच्या वाचनालयात ग्रंथपाल व्हायची नेहमीची वाट ठरलेली आहे. दहावीनंतर जिल्हा ग्रंथालय संघाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग करायचा. दाखल नोंदवही, देवघेव, वर्गीकरण, तालिका एवढं तिथे शिकवतात. पुढे पदवी हवी असेल, तर अमरावती विद्यापीठ किंवा नाशिकचं मुक्त विद्यापीठ.

नोंदवह्यांवर इतका भर का, हे नव्या माणसाला कळत नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि अनुदान वर्गाप्रमाणे येतं. तपासणीत वह्या चोख लागतात. ग्रंथपालाचं मानधनही त्याच अनुदानातून निघतं. ड वर्गात त्याला पगार म्हणायला जीभ रेटत नाही.

पण गावाचं काम अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. समजा, ऑगस्टमध्ये खामगावकडचा शेतकरी येऊन विचारतो, “सोयाबीन पिवयं पडून राह्यलं, एखादं पुस्तक हाय का?” ड्यूईच्या वर्गीकरण पद्धतीत सोयाबीनचा अंक ६३३.३४. त्या कप्प्यातलं पुस्तक हातात दिलं की प्रमाणपत्रापुरतं काम झालं. मुरलेला ग्रंथपाल आधी विचारतो: पिवळी पानं कोवळी की जुनी? शिरा हिरव्या आहेत का? की पानावर हिरवे-पिवळे चट्टे आहेत? कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील, तर लोहाची कमतरता असू शकते. चट्टे असतील, तर पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या मोझॅकचा संशय घ्यावा लागतो. औषध सांगणं त्याचं काम नाही. ही माहिती आणि पानाचा फोटो तो कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवतो, आणि उत्तर आलं की शेतकऱ्याला फोन करतो.

ग्रंथालयशास्त्रात याला संदर्भ सेवा म्हणतात. या शास्त्रातल्या रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांतलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवण्याचं, इथेच कामी येतं. माझ्या मते प्रशिक्षणाचे निम्मे तास यालाच द्यावेत, तेही तालुका बघून. देऊळगाव राजाकडे शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बीजोत्पादन चालतं. तिथल्या ग्रंथपालाला कंपनीचा करार वाचून दाखवता आला पाहिजे. संग्रामपूर खारपाणपट्ट्यात येतं, तिथे पाण्याच्या तपासणीचा अहवाल समजावून द्यावा लागतो. ई-पीक पाहणी आणि महाडीबीटीचा अर्ज मात्र सगळीकडे लागतो, म्हणून तो मोबाइलवर प्रत्यक्ष भरून घ्यावा. फळ्यावर शिकवून तो येत नाही.

भेंडवळच्या घटमांडणीतून सांगितलं जाणारं पीकपाण्याचं भाकीत ऐकायला लोक पहाटे गर्दी करतात, हवामान खात्याचा अंदाज वाचायला वाचनालयात कोणी फिरकत नाही, ही ग्रंथपालांची तक्रार खरी आहे. पण तो अंदाज दाराशी रोज लिहितंय कोण?

आणखी एक वही वाढवावी, ज्याचं उत्तर देता आलं नाही अशा प्रश्नांची. वर्षाची ग्रंथखरेदी ठरवताना कार्यकारिणीपुढे प्रकाशकांच्या याद्यांच्या आधी ती ठेवावी.