पहाडी आवाज आणि सहा मायक्रॉनचा पडदा

दिवाळी अंकासाठी संपादकांना शाहिरांवर लेख हवा होता. त्यासाठी पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत पोवाड्याचं ध्वनिमुद्रण पाहायला गेलो आणि काचेच्या अलीकडे बसलेल्या ध्वनिमुद्रकापाशीच अडकलो. आत साठीचे शाहीर डफ तापवत होते, मागे झीलकरी तुणतुणं लावत होते. हा गृहस्थ मात्र स्टँड वीतभर पुढे-मागे करण्यातच गुंतला होता.

इतिहास थोडक्यात उरकतो. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान ग्रामोफोन कंपनीसाठी गायल्या तेव्हा माईक नव्हताच. कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि त्या आवाजाच्या जोरावरच सुईने खाच पाडायची. दमदार गळा ही तेव्हा गरजच होती, पण तार स्वराला गायकाला मागे सरकावं लागे. कधी तंत्रज्ञच दंडाला धरून मागे ओढत. १९२५च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आलं आणि कुजबुजत गाणाऱ्यांचेही दिवस आले. आपल्या शाहिरांची तालीम मात्र मैदानावरच होत राहिली. अमर शेखांसारख्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या सभा आवाजावर पेलल्या. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायलाच घडलेला गळा काचेच्या खोलीत कसा मावायचा, हा ध्वनिमुद्रकाचा रोजचा प्रश्न.

त्याच्या कपाटात तीन जातींचे माईक होते. पहिला डायनॅमिक. शुअर कंपनीचा एसएम५८, १९६६ पासून जगभरच्या मंचांवर दिसणारा. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं हलतं आणि वीज तयार होते, बस्स. आत अँप्लिफायरच नाही, त्यामुळे गळ्याच्या जोराने त्याच्या आत फाटण्यासारखं फारसं काही नाही. दुसरा रिबन माईक. त्यात चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ॲल्युमिनियमची चुणीदार पट्टी टांगलेली असते. जुन्या आरसीए माईकमध्ये ती जेमतेम दोन-अडीच मायक्रॉन जाड. त्याने तो मखमली पिशवीतून काढला, मला लांबूनच दाखवला आणि म्हणाला, “आवाजाला हा घाबरत नाही, फुंकरीला घाबरतो. चालू आहे का बघायला कुणी फू केलं की गेली पट्टी.” मोठ्या आवाजापेक्षा फ-भच्या उच्चारातला वाऱ्याचा झोत त्या पट्टीला ताणतो.

तिसरा कंडेन्सर, नॉयमनचा यू८७ एआय. माझा जीव जडला तो यावर. सोन्याचा मुलामा दिलेला प्लॅस्टिकचा पडदा, जाडी सुमारे सहा मायक्रॉन. माणसाचा केस त्याच्या दसपट तरी जाड. पडदा पहाडी आवाज मुकाट सोसतो. पहिला हात टेकतो तो त्याच्या मागचा, माईकच्या पोटातलाच अँप्लिफायर. कंपनीनेच मर्यादा लिहून दिली आहे : ११७ डेसिबल. त्यापुढे विकृती अर्ध्या टक्क्याच्या वर जाते. मग त्याने कागदावर हिशेब मांडला. शाहिरांचा आवाज मीटरभरावर १०० डेसिबल धरा. अंतर निम्मं केलं की साधारण सहा डेसिबल वाढतात. म्हणजे पन्नास सेंटिमीटरवर १०६, पंचवीसवर ११२, बारावर ११८ आणि ओठांपासून सहा सेंटिमीटरवर १२४. टीव्हीवर बघून माईक तोंडात घालायची सवय लागलेल्या गायकाने मर्यादा तिथेच ओलांडलेली असते. शिवाय हा माईक भलताच तिखट : जिथे एसएम५८ दोनपेक्षा कमी मिलिव्होल्ट देतो, तिथे हा अठ्ठावीस देतो. १२४ डेसिबलला तो पाऊण व्होल्टाच्या पुढे जातो आणि माईकचा संदेश वाढवणाऱ्या पुढच्या प्रीअँपचाही घसा बसतो.

माईकच्या पाठीवर एक बारीकसं बटण आहे. ते पॅड. दाबलं की दहा डेसिबल कमी होतात, तेही आतल्या अँप्लिफायरच्या आधीच. मर्यादा १२७वर जाते. प्रीअँपवरचा गेन, म्हणजे वाढवण्याचं प्रमाण, कमी करून हे काम होत नाही, कारण तोवर माईकच्या पोटात आवाज फाटलेला असतो. कॉम्प्रेसर तर त्याच्याही पुढे; तो फाटलेला आवाज फक्त दाबून देतो.

बटण दाबून भागलं असतं तर मी दुपारीच घरी आलो असतो.

पहिली अडचण चाचणीची. चाचणीला प्रत्येक गायक राखून गातो आणि लाल दिवा लागला की दुप्पट जोराने सुटतो. म्हणून ध्वनिमुद्रक म्हणाला, “शाहीर, आधी शेवटचा चौक म्हणा.”

“आधीच शेवटचा? अजून गळा तापला नाही, दादा.”

“तापू द्या. पण मला सगळ्यात वरचा ‘जी जी’ ऐकवा.”

त्यावर त्याने गेन लावला, शिखरं पूर्ण पातळीच्या बारा डेसिबल खाली ठेवून. चोवीस बिटमध्ये एवढी जागा सोडली तरी काही बिघडत नाही.

दुसरी अडचण पायांची. वीररस चढला की शाहीर कानावर हात ठेवून एक पाऊल पुढे टाकणारच. जमिनीवर चिकटपट्टी लावली, माईक दोन वीत लांब आणि कपाळाच्या उंचीवर घेतला, म्हणजे फ-भचा वारा खालून निघून जातो. पण माईक लांब गेला की खोली ऐकू येऊ लागते. मग शाहिरांच्या पाठीमागे गोधड्या टांगल्या. तेवढ्यात डफाची थाप त्याच माईकमध्ये घुसायला लागली. डफ वेगळा वाजवून घेऊ, असं सुचवलं तेव्हा शाहिरांनी डफ खालीच ठेवला : डफ हातात नसेल तर पोवाडा उभाच राहत नाही. मला त्यांचं पटलं. ध्वनिमुद्रकालाही पटलं असावं, कारण त्याने डफ वेगळा घ्यायचा बेत सोडला आणि एकाच माईकमध्ये गळा आणि डफ यांचा तोल साधला.

२०१९ पासून झूम एफ६सारखे ३२ बिट फ्लोटवर चालणारे रेकॉर्डर आले आहेत. गेन चुकला तरी नंतर सावरता येतो, अशी त्यांची ख्याती आहे आणि ती बरीचशी खरी आहे. पण माईकच्या आतला अँप्लिफायर फाटला तर तेही हतबल.

गावोगावचे पोवाडे, गोंधळ, भारुडं आता कितीतरी तरुण स्वतःच रेकॉर्ड करतात. त्यांना एवढंच सांगणं : म्हाताऱ्या शाहिराला “जरा हळू गा” म्हणू नका. पॅड दाबा, स्टँड दोन वीत मागे घ्या आणि शेवटचा चौक आधी ऐका.